कागदाला खळ, अक्षराला बळ

शाई फुटणे म्हणजे काय, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कागदावर शाईची एक रेघ ओढावी. कागद चांगला असेल, तर रेघ जिथल्या तिथे राहते. कागद हलका असेल, तर रेघेला दोन्ही बाजूंनी बारीक पाय फुटतात. रेघेची जणू गोम होते. पान उलटून पाहावे, तर मागेही डाग दिसतो. मग आपण म्हणतो, "शाईच वाईट आहे."

पण पुष्कळ वेळा दोष शाईचा नसतो. दोष कागदाच्या वरच्या अंगाचा असतो.

आता दौत आणि टाक मागे पडले. गावोगाव प्रिंटर आले. सातबारा, आठ-अ, दाखले, पावत्या, सारे प्रिंटरमधून छापून निघते. पण शाई फुटायची थांबली नाही. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. क्षेत्राचे आकडे असतात. शाई फुटली, तर एक आकडा दुसऱ्यासारखा दिसू लागतो. १ आणि ९ यांत फरक तो केवढा! आणि कागद पावसात भिजला, तर आकडा जागेवर राहीलच असे नाही. म्हणून शाई आणि कागद यांचे कसे जमते, ते आपण समजून घेऊ.

कागद पाणी का पितो?

समईतली वात पाहा. तिचे एक टोक तेलात असते आणि दुसरे वर जळत असते. तेल आपोआप वर चढते. त्याला कुणी ढकलत नाही. वातीत कापसाचे बारीक तंतू असतात. त्या तंतूंच्या मधल्या फटींतून तेल ओढले जाते.

कागदही तंतूंचाच बनतो. लाकूड, बांबू, उसाचे चिपाड, ताग, कापडाच्या चिंध्या, यांचा लगदा करतात. लगदा पाण्यात कालवून जाळीवर पसरतात. पाणी निथळून जाते आणि तंतू एकमेकांत गुंतून बसतात. तो वाळला की झाला कागदाचा ताव. ताव म्हणजे कागदाचे मोठे पान.

असा नुसता कागद हजारो वातींसारखा असतो. शाईचा थेंब पडला की तंतू त्याला आपल्याकडे ओढतात. थेंब आडवा पसरतो आणि आतही उतरतो. आडवा पसरला की अक्षर फुटते. आत उतरला की अक्षर फिके पडते, कारण रंग वर दिसायचा तो पोटात जातो. टीपकागद असाच असतो. शाई पिणे हेच त्याचे काम. पण लिहायचा कागद टीपकागदासारखा वागला, तर काय उपयोग?

आता आपले अंगण आठवा. मोकळ्या मातीवर पाणी टाकले तर ते लगेच जिरते. तीच जमीन चोपून, शेणाने सारवली, तर पाणी काही वेळ वर राहते. माती तीच. पाणी तेच. फरक केला तो सारवणाने.

कागदालाही असेच सारवण लागते. त्याला खळ देणे म्हणतात. कोष्टी सुताला खळ देतो, परीट धोतराला खळ देतो, तशीच ही खळ.

कागजीपुऱ्याची रीत

हे काम आपल्या भागाला नवे नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की दौलताबादचा किल्ला लागतो. तिथून पुढे खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव आहे. नावातच त्याचा धंदा आहे. कागजी म्हणजे कागद करणारा.

इ. स. १३२७ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने आपली राजधानी देवगिरीला आणली. देवगिरीचे नाव दौलताबाद झाले. राजधानी आली की दरबार येतो. दरबार आला की हुकूम, हिशेब आणि पत्रे येतात. त्या सगळ्यांना कागद लागतो. त्या वेळी कागद करणारे कारागीर इकडे आले आणि इथेच राहिले, अशी परंपरा आहे. पुढे काही वर्षांनी राजधानी दिल्लीला परत गेली. कागजी मात्र राहिले.

त्यांची रीत कशी होती? चिंध्या, जुनी पोती, ताग हा कच्चा माल. तो चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचा. मग कुटायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. असा लगदा तयार झाला की पाण्याच्या हौदात सोडायचा. साचा हौदात बुडवून उचलायचा. साच्यावर लगद्याचा पातळ थर येतो. तो ताव काढून वाळवायचा. वाळवायला घराच्या भिंतीसुद्धा चालत.

इथपर्यंत झाला तो कच्चा कागद. तो लिहायच्या कामाचा नाही. खरी करामत पुढेच आहे. तांदळाची किंवा गव्हाच्या पिठाची पातळ खळ करायची. ती तावाच्या दोन्ही अंगांना फिरवायची. ताव वाळला की तो फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटून घोटून कागदाला तकाकी येते.

इथे दोन कामे झाली. खळीने तंतूंमधल्या फटी बुजल्या. घोटण्याने उंचसखल भाग सपाट झाला आणि तंतू खाली दबले. आता बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. मोडीतली जुनी कागदपत्रे आपण दप्तरखान्यात पाहतो. कित्येकांचे अक्षर शेकडो वर्षांनंतरही ठसठशीत आहे. ती शाई काजळ आणि डिंक यांची. काजळ पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण कागदाच्या वरच बसतात. खळ दिलेला कागद त्यांना खाली उतरू देत नाही. कागद आणि शाई यांची अशी जोडी जमली, म्हणून ते अक्षर टिकले.

खळ देण्याची ही युक्ती इतर देशांतही होती. कागद प्रथम चीनमध्ये झाला. तिथून तो अरबांच्या देशांत गेला. त्या कारागिरांनीही पिठाची खळ वापरली. युरोपात इटलीमधील फाब्रियानो गावचे कारागीर तेराव्या शतकात कागदाला सरस देऊ लागले. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ. पुढे १८०७ साली जर्मनीतल्या मोरित्झ इलिग याने नवी रीत छापून प्रसिद्ध केली. लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळायची. ही रीत स्वस्त होती. कारखान्यांनी ती उचलली. पण तिच्यात एक खोड होती. तुरटीमुळे कागदात आंबटपणा, म्हणजे आम्ल, राहते. असा कागद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि पापडासारखा मोडतो. जुनी पुस्तके हातात घेताच त्यांचे तुकडे पडतात, त्याचे हे एक मोठे कारण. आता बऱ्याच कारखान्यांनी ही रीत सोडून आम्ल नसलेली खळ घेतली आहे.

प्रिंटर शाई कशी टाकतो?

प्रिंटर मुख्यतः दोन जातींचे असतात, ते आधी पाहू.

एक लेझर प्रिंटर. त्यात ओली शाई नसते. काळी बारीक पूड असते. ती पूड उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. हे अक्षर पाण्याने सहसा पसरत नाही.

दुसरा इंकजेट प्रिंटर. हा ओली शाई फवारतो. त्याच्या डोक्याला शेकडो बारीक भोके असतात. एकेक भोक आपल्या केसाच्या जाडीहूनही लहान. डोके कागदावरून इकडून तिकडे धावते आणि जिथे पाहिजे तिथेच थेंब सोडते. असे लाखो थेंब शेजारी शेजारी पडले की अक्षर किंवा चित्र तयार होते.

या शाईत मोठा भाग पाण्याचाच असतो. पाण्यात रंग दोन तऱ्हांनी राहतो. साखर पाण्यात टाकली तर विरघळून जाते. हळद टाकली तर विरघळत नाही, तिचे कण तरंगत राहतात. काही शाईंत रंग साखरेसारखा विरघळलेला असतो. काही शाईंत तो हळदीसारखा कणांचा असतो. विरघळणाऱ्या रंगाची शाई कागद भिजला की पुन्हा विरघळते आणि ओघळते. कणांची शाई जास्त टिकते. गंमत अशी, की कणांच्या काळ्या शाईत आजही काजळीच असते. म्हणजे जुन्या कारकुनाच्या दौतीतली शाई आणि आजच्या प्रिंटरमधली ही काळी शाई, दोघी नात्यातल्याच.

बोरूची रेघ जाड. ती थोडी फुटली तरी अक्षर वाचता येते. प्रिंटरचा थेंब अगदी चिमुकला. तो कागदावर पसरून दुप्पट झाला, तर शेजारच्या थेंबात मिसळतो. काळ्यात लाल शिरतो, लालात पिवळा. म्हणून इंकजेटला कागद आणखी नीट तयार केलेला लागतो.

कागदाचे वरचे अंग कसे सुधारतात?

आजच्या कारखान्यांत यासाठी चार-पाच उपाय करतात. आपण एकेक पाहू. त्यातले बरेच आपल्या ओळखीचे निघतील.

पहिला उपाय, खळ. मका, टॅपिओका, बटाटा यांच्या पिठूळ सत्त्वाची खळ करतात. कागद दोन रुळांमधून जातो आणि तिथे दोन्ही अंगांना खळ बसते. कागजीपुऱ्यात जे हाताने केले, तेच इथे यंत्र करते.

दुसरा उपाय, क्षार. दुधात लिंबू पिळले की दूध फाटते. चोथा वेगळा आणि पाणी वेगळे होते. कणांच्या शाईचेही असेच करता येते. खळीतच कॅल्शियमचा क्षार मिसळतात. शाईचा थेंब त्या कागदावर पडताच शाई जणू फाटते. रंगाचे कण गोळा होऊन वरच बसतात आणि पाणी खाली जिरते. अक्षर गडद येते आणि लवकर वाळते. काही कागदांच्या पुड्यावर 'कलरलॉक' अशी खूण असते. त्या कागदात हीच युक्ती केलेली असते.

तिसरा उपाय, रंग धरून ठेवणारे औषध. झाडपाल्याच्या रंगात कापड रंगवायचे, तर रंगारी ते आधी तुरटीच्या पाण्यात भिजवतो. तुरटी रंगाला धरून ठेवते. मग कापड धुतले तरी रंग सहजी जात नाही. विरघळणाऱ्या रंगाची शाई असेल, तर कागदालाही असेच धरून ठेवणारे औषध लावतात. मग थोडे पाणी लागले तरी रंग चटकन ओघळत नाही.

चौथा उपाय, लेप. भिंतीला आधी गिलावा, मग चुना, तसा हा प्रकार. वाळूच्या जातीचा सिलिका नावाचा पदार्थ किंवा चुन्याच्या जातीची पांढरी भुकटी अगदी बारीक करतात. ती चिकट पदार्थात कालवून कागदावर तिचा थर देतात. या थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. थेंब पडला की पाणी छिद्रांत सरळ खाली जाते, आडवे पसरत नाही. रंग वर राहतो. फोटो छापायचा चकचकीत कागद बहुधा असाच लेप दिलेला असतो. म्हणून तो महागही असतो.

पाचवा उपाय, घोटाई. कारखान्यात कागद जड, गुळगुळीत रुळांमधून दाबून काढतात. कागजीपुऱ्याचा दगड जाऊन रूळ आला, एवढाच फरक.

मात्र अति तेथे माती, हे इथेही खरे. खळ फार झाली, तर शाई आत शिरतच नाही. थेंब अळवावरच्या पाण्यासारखा वर बसतो. हात लागला की अक्षर पुसले जाते. कागदाने शाई पिऊ नये आणि ढकलूनही देऊ नये. पाणी तेवढे प्यावे आणि रंग वर ठेवावा. चांगल्या कागदाची हीच ओळख.

घरी करून पाहा

एक प्रयोग करा. वर्तमानपत्राचा तुकडा, वहीचे पान आणि जुन्या कॅलेंडरचे चकचकीत पान घ्या. तिन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा आणि पाहत राहा. कुठे थेंब लगेच पसरतो, कुठे वर उभा राहतो, ते दिसेल. कुठल्या कागदाला किती खळ किंवा लेप आहे, याचा अंदाज येईल.

दुसरा प्रयोग खळीचा. दोन चहाचे चमचे तांदळाचे पीठ एक पेला पाण्यात कालवा. मंद आचेवर ढवळत शिजवा. ती ताकासारखी पातळ राहायला हवी. घट्ट झाली तर पाणी घाला. पातळ फडक्यातून गाळून घ्या, गुठळी राहू देऊ नका. हातकागदाच्या अर्ध्या तुकड्यावर रुंद कुंचल्याने पातळ हात फिरवा. अर्धा तुकडा तसाच ठेवा. सावलीत वाळवा. मग दोन पाट्यांमध्ये दाबून सपाट करा आणि काचेच्या गुळगुळीत बाटलीने घोटा. आता दोन्ही भागांवर शाईच्या पेनाने आपले नाव लिहा. कुठले नाव ठसठशीत उठते, ते आपणच पाहा.

असा कागद प्रिंटरमध्ये घालायचा असेल, तर थोडी काळजी घ्या. कागद पूर्ण वाळलेला हवा. वाकडा किंवा फुगलेला नको. मऊ ब्रशने सुटे तंतू आणि पिठाची कणी झाडून टाका, नाहीतर प्रिंटरची भोके बुजतील. जाड ताव असेल, तर कागद मागून सरळ आत जाणारा प्रिंटर बरा. आधी एकच पान छापून पाहा. आणि एक गोष्ट. पिठाच्या खळीला कसर लागते. म्हणून असे कागद कोरड्या जागी ठेवावेत.

आता कुणी म्हणेल, "मास्तर, एवढी खटपट कशाला? बाजारात कागद मिळतो की!" मिळतो, खरे आहे. पण गिरण्यांचा स्वस्त कागद आला तसा हातकागदाचा धंदा बसत गेला. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था निघाली, ती हा धंदा सावरण्यासाठीच. कागजीपुऱ्यात आज हे काम जाणणारी माणसे थोडी उरली आहेत. लोक लग्नपत्रिका, मानपत्रे आणि चित्रे प्रिंटरवर छापतात. हातकागदावर ती छपाई स्वच्छ उठली, तर गिऱ्हाईक तो कागद मागेल. शाई फुटली, तर ते दुसऱ्यांदा येणार नाही. म्हणजे या गावाचे पोट पुष्कळसे खळीवर आणि घोटाईवर अवलंबून आहे. वेरूळ-दौलताबाद पाहायला जाल, तेव्हा कागजीपुऱ्यातही थांबा. तिथला ताव हातात घेऊन पाहा.

आपले कागद आपणच जपावे

शेवटी आपल्या रोजच्या कामाच्या चार गोष्टी सांगतो.

एक. जमिनीचा उतारा किंवा दाखला घेताना विचारा, "हा प्रिंटर लेझरचा आहे की शाईचा?" लेझरचा असेल तर बरे. शाईचा असेल, तर कागद हातात आल्यावर दोन-चार मिनिटे वाळू द्या. लगेच घडी घालू नका. वर बोट फिरवू नका.

दोन. जाड कागद म्हणजे चांगला कागद, असे समजू नका. पुड्यावर '८० जीएसएम' असे लिहिलेले असते. याचा अर्थ, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कागदाचे वजन ८० ग्रॅम आहे. यावरून वजन कळते. वरचे अंग कसे आहे, ते कळत नाही. ते एक पान छापूनच कळते. एका अंगावर शाई फुटत असेल, तर दुसऱ्या अंगावरही छापून पाहावे. कधी कधी दोन्ही अंगे सारखी नसतात.

तीन. कोरा कागद पुड्यातच ठेवावा. पावसाळ्यात उघडा कागद हवेतला ओलावा पितो. मग त्यावर शाई जास्त फुटते. छापलेला कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा. धोतराच्या सोग्यात किंवा कमरेला खोवून नेऊ नये. घामानेही शाई ओघळते.

चार, आणि ही सगळ्यांत मोठी. आता आपल्याला वाचता येते. पूर्वी कागद मिळाला की आपण घडी घालून घरी न्यायचो आणि त्यात काय आहे ते दुसऱ्याला विचारायचो. आता तसे करू नका. कागद हातात आला की तिथेच उभे राहून वाचा. आपले नाव बरोबर आहे का? गट नंबर स्पष्ट आहे का? क्षेत्राचा प्रत्येक आकडा ओळखू येतो का? खाली पडताळणीचा क्रमांक असतो, तो नीट उठला आहे का? एखादा आकडा फुटलेला असेल, तर शांतपणे सांगा, "साहेब, हा आकडा लागत नाही. दुसरे पान काढून द्या." यात भांडण नाही आणि लाजही नाही. फुटलेल्या आकड्याचा त्रास पुढे आपल्यालाच होतो. वारसाच्या नोंदीच्या वेळी होतो, कर्जाच्या वेळी होतो, बांधाच्या तंट्यात होतो.

कागजीपुऱ्याचा कारागीर एकेका तावावर इतका वेळ दगड घोटायचा, तो दुसऱ्याचे अक्षर नीट उठावे म्हणून. त्या कागदावर काय लिहिले जाणार, हे त्याला ठाऊक नसे. आपल्या कागदावर काय लिहिले आहे, ते आपल्याला ठाऊक असते. मग तो पाहून, वाचून घ्यायला दोन मिनिटे द्यायला काय हरकत आहे?